हेडलाइटचा बल्ब: आधी जागा, मग उजेड

मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब बदलायची वेळ आली की दुकानात बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: सर्वांत जास्त उजेड कोणता बल्ब देईल? प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. हेडलाइटमध्ये बल्ब एकटा काम करत नाही. त्याच्यामागचा अंतर्गोल आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर, आणि पुढची काच यांच्यासह तो एक प्रकाशयंत्र तयार करतो, आणि त्या यंत्राचा सारा हिशेब बल्बमधील तापून उजळणाऱ्या तारेच्या, म्हणजे फिलामेंटच्या, नेमक्या जागेवर बेतलेला असतो. लुमेन हे बल्बमधून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप. फिलामेंट जागेवर असेल तर हजार लुमेनचा साधा बल्बही रस्ता नीट दाखवतो, आणि प्रकाश देणारा भाग जागेवर नसेल तर त्याच्या तिप्पट लुमेनही समोरच्या चालकाच्या डोळ्यांत आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या शेंड्यांवर खर्च होतात.

जागेला एवढे महत्त्व का, हे थोड्या गणिताने स्पष्ट होते. डिपरचा झोत किंचित खाली झुकलेला ठेवावा लागतो आणि लहान मोटारीत हा झुकाव साधारणपणे एक ते दीड टक्का असतो. एक टक्का म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटिमीटर, कोनाच्या भाषेत जेमतेम अर्धा अंश. रिफ्लेक्टरची नाभी, म्हणजे जिथून निघालेले किरण आरशावर आपटून समांतर होतात तो बिंदू, आरशाच्या तळापासून २५ मिलिमीटरवर आहे असे धरले, तर प्रकाशाचा उगम त्या बिंदूपासून पाव मिलिमीटर खाली गेल्याने झोत एक टक्क्याने वर उचलला जातो आणि कारखान्यात दिलेला झुकाव पुसला जातो. हेडलाइट रस्त्यापासून ६५ सेंटिमीटर उंचीवर असेल, तर एक टक्का झुकावाने झोताची वरची कडा ६५ मीटरवर रस्त्याला टेकते, दोन टक्क्यांनी ती साडेबत्तीस मीटरवरच टेकते आणि झुकाव शून्य झाला तर ती कुठेच टेकत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला २२ मीटर अंतर कापते. धोका ओळखून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबेपर्यंत ३५ ते ४० मीटर लागतात असे मानले, तर एकूण अंतर ७० मीटरच्या आसपास भरते. डिपरच्या पल्ल्यात मुळातच फारशी सवलत शिल्लक नसते, ती पाव मिलिमीटरच्या चुकीने घालवणे परवडणारे नाही.

भारतातल्या छोट्या मोटारींमध्ये सर्वाधिक ओळखीचा बल्ब एच-४ या जातीचा आहे. मारुतीच्या अल्टो आणि वॅगनआर किंवा ह्युंदाईची जुनी सँट्रो यांसारख्या गाड्यांत तोच बसवलेला असतो, आणि एकाच बल्बमध्ये अप्पर व डिपर अशी दोन्ही कामे तो करत असल्यामुळे त्याची रचना समजून घेतली की बाकीच्या जातींचे आकलन सोपे होते. काचेच्या बोटभर नळीत दोन फिलामेंट एकामागे एक बसवलेले असतात. बुडाजवळचे फिलामेंट अप्परचे असून ते जवळपास नाभीवर येते. टोकाजवळचे डिपरचे असून त्याच्या खाली धातूचा एक छोटा पन्हळीसारखा पेला असतो. हा पेला डिपरचा खाली जाणारा प्रकाश अडवतो, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो, आणि डिपरचे फिलामेंट नाभीच्या पुढे असल्याने त्या वरच्या भागावरून परतणारे किरण खाली रस्त्याकडे वळतात. पेल्याच्या काठाची सावलीच भिंतीवर उजेड आणि अंधार यांची ठळक सीमारेषा म्हणून दिसते; तिला तंत्रज्ञ कट-ऑफ म्हणतात. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जात असल्याने ही रेषा उजवीकडे आडवी राहते आणि डावीकडे सुमारे १५ अंशांनी वर चढते, जेणेकरून समोरून येणाऱ्याचे डोळे वाचावेत आणि डाव्या कडेचा पादचारी, सायकलस्वार किंवा मैलाचा दगड मात्र दूरवरून दिसावा. बल्बचे टोक काळ्या रंगाने झाकलेले असते ते थेट पुढे जाणारा, आरशावर न आपटलेला प्रकाश रोखण्यासाठी.

ही सारी मांडणी १९७१ पासून, म्हणजे एच-४ प्रथम युरोपात आला तेव्हापासून, मूलतः तशीच आहे. त्याच्या बुडाशी असलेल्या गोल पत्र्याला तीन असमान दाते असतात, म्हणून तो होल्डरमध्ये एकाच पद्धतीने बसतो, आणि पत्र्यापासून प्रत्येक फिलामेंटचे अंतर मिलिमीटरच्या अंशांपर्यंत आंतरराष्ट्रीय प्रमाणात ठरवून दिलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ३७ क्रमांकाचा नियम हे त्या प्रमाणाचे नाव, आणि भारतात त्याला समांतर असलेले मानक एआयएस-०३४ हे आहे. एआयएस म्हणजे वाहन उद्योगाची भारतीय मानके. ती पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनकडून प्रसिद्ध होतात. या प्रमाणानुसार १३.२ व्होल्ट दाबावर एच-४ ने अप्परला १६५० आणि डिपरला १००० लुमेन द्यावेत आणि त्यात वर-खाली १५ टक्क्यांची मुभा असावी, असे ठरले आहे.

अप्पर आणि डिपरसाठी वेगवेगळे रिफ्लेक्टर असलेल्या गाड्यांमध्ये एकेरी फिलामेंटचे बल्ब येतात. त्यांतला एच-७ हा ५५ वॅटचा असून १५०० लुमेन देतो, १९६२ पासून चालत आलेला एच-१ तेवढ्याच विजेत १५५० लुमेन देतो, तर एच-११ ला १३५० लुमेन पुरतात. आकडे पाहून एच-११ च्या जागी एच-१ बसवण्याचा मोह कोणी बाळगू नये. बूड वेगळे, फिलामेंटची जागा वेगळी आणि त्यानुसार घडवलेला आरसाही वेगळा. कोणत्या गाडीला कोणती जात लागते हे मालकाच्या पुस्तिकेत दिलेले असते, जुन्या बल्बच्या बुडावर कोरलेले असते आणि बऱ्याचदा हेडलाइटच्या मागच्या प्लास्टिकवरही उठवलेले असते. या तिन्ही ठिकाणांपैकी जुन्या बल्बवर सर्वांत कमी विश्वास ठेवावा, कारण तो आधीच्या मालकाने किंवा गॅरेजवाल्याने हाती आला तसा बसवलेला असू शकतो.

दुकानाच्या फळीवर एच-४ च्या शेजारीच त्याचे काही तोतये भाऊबंद मांडलेले असतात. दुचाकींसाठीचा ३५/३५ वॅटचा एचएस-१ दिसायला जवळजवळ तसाच असतो. ट्रकसाठीचा ७५/७० वॅटचा एच-४ तर बुडापासून टोकापर्यंत हुबेहूब तोच, फक्त त्यावर २४ व्होल्ट लिहिलेले असते, आणि तो १२ व्होल्टच्या मोटारीत बसवला की मिणमिणता पिवळा पेटून मालकाला बॅटरीवर संशय घ्यायला लावतो. अमेरिकी नामपद्धतीने छापलेल्या खोक्यावर ९००३ किंवा एचबी-२ असे लिहिलेले असेल तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. तो एच-४ चाच अधिक काटेकोर मापांत बनवलेला प्रकार आहे.

जात निश्चित झाल्यावर उजेडाचा प्रश्न विचारणे रास्त ठरते, आणि तिथे हॅलोजन बल्बचे अंतरंग जाणून घ्यावे लागते. साध्या बल्बमध्ये टंगस्टनचे फिलामेंट तापून झिजते आणि त्याची वाफ थंड काचेवर बसून काच काळवंडते. हॅलोजन बल्बच्या गॅसमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीन यांसारख्या मूलद्रव्याचा अंश मिसळलेला असतो. काचेची भिंत सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असली की हे मूलद्रव्य टंगस्टनच्या वाफेशी संयोग पावते, ते संयुग भिंतीवर न बसता पुन्हा फिलामेंटकडे जाते आणि तिथल्या प्रखर उष्णतेत फुटून टंगस्टन परत तारेवर सोडते. काच स्वच्छ राहते आणि फिलामेंट अधिक तापवता येते. अधिक तापमान म्हणजे अधिक पांढरा, अधिक प्रखर प्रकाश आणि त्याच प्रमाणात कमी आयुष्य. हा सौदा हॅलोजन बल्बच्या प्रत्येक खोक्यात असतो, छापलेला असो वा नसो.

‘१०० टक्के अधिक उजेड’, ‘१३० टक्के अधिक उजेड’, ‘१५० टक्के अधिक उजेड’ अशा जाहिरातींचा अर्थ या सौद्याच्या आधारेच लावावा. ५५ वॅटच्या बल्बमधून अडीचपट लुमेन निघत नाहीत, आणि निघाले तर तो बल्ब वर सांगितलेल्या १५ टक्क्यांच्या मर्यादेत बसणार नाही. या बल्बांत फिलामेंट आखूड आणि घट्ट गुंडाळलेले असते, आत झेनॉनसारखा जड वायू भरलेला असतो, आणि प्रकाशाचा उगम छोटा झाल्यामुळे झोत अधिक एकवटतो. त्यामुळे झोताच्या काही ठरावीक बिंदूंवर नियमाने मागितलेल्या किमान प्रखरतेच्या तुलनेत तेवढी वाढ मोजता येते. तुलना शेजारच्या फळीवरील साध्या चांगल्या बल्बशी नसून कायद्याच्या किमान मर्यादेशी असते, एवढे ध्यानात ठेवले की आकड्यांची भूल उतरते. तरीही हे बल्ब खोटे नव्हेत. नामांकित कंपनीचा असा बल्ब डिपरचा पल्ला खरोखर काही मीटरने वाढवतो, कोणाचे डोळे दिपवत नाही आणि वायरिंगवर जादा भारही टाकत नाही. फक्त तो साध्या बल्बच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी तासांत जातो. रात्री घाटातून वारंवार जाणाऱ्याला तो परवडेल, तर दिवसाढवळ्या कार्यालयात जाऊन येणाऱ्याला ‘लाँग लाइफ’ म्हणून विकला जाणारा, जरा मंद तापणारा बल्बच सोयीचा.

नवा बल्ब घेण्याआधी जुन्या बल्बपर्यंत वीज किती पोहोचते हे तपासणे मात्र फार थोडे लोक करतात. बल्बचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात सरळ वाढत वा घटत नाही, तो साधारण साडेतीन घातांकाने बदलतो, म्हणजे १३.२ व्होल्टऐवजी दहा टक्के कमी, सुमारे ११.९ व्होल्ट, होल्डरपर्यंत पोहोचले तर प्रकाश दहा नव्हे, तीस टक्के कमी होतो. दहा वर्षे वापरलेल्या गाडीत गंजलेले अर्थिंग, सैल झालेला कपलर आणि स्टिअरिंगखालच्या स्विचमधले झिजलेले संपर्क मिळून एवढा दाब सहज खातात. इंजिन चालू ठेवून, डिपर लावून, होल्डरच्या टोकांवर मल्टिमीटर धरला की दोन मिनिटांत निकाल लागतो. बॅटरीवर साडेतेरा-चौदा व्होल्ट आणि होल्डरवर बारा असतील, तर सर्वांत महागड्या बल्बपेक्षा वाहनांचा कुशल इलेक्ट्रिशियन अधिक उजेड मिळवून देईल. तो रिले बसवेल, म्हणजे असा विद्युतचुंबकी स्विच की जो मूळ स्विचकडून फक्त इशाऱ्यापुरता प्रवाह घेतो आणि बल्बचा मुख्य प्रवाह थेट बॅटरीपासून जाड तारेने नेतो. दाब जास्त असणेही तितकेच त्रासाचे. चार्जिंग नियंत्रक बिघडून दाब पाच टक्क्यांनी वाढला तर उजेड वाढलेला दिसतो खरा, पण आयुष्य जवळजवळ निम्मे होते, आणि दर दोन महिन्यांनी बल्ब उडणाऱ्या गाडीत दोष बल्बमध्ये नसून बहुधा इथे असतो.

रिलेचा विषय निघाला की १००/९० वॅटच्या बल्बचा विषय आपोआप येतो, कारण बाजारात दोन्ही एकाच पाकिटात, चिनी मातीच्या होल्डरसह मिळतात. ५५ वॅटचा बल्ब सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह ओढतो, ९० वॅटचा साडेसात; तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती अडीचपटीहून अधिक होते. रिले आणि जाड तारा बसवून वायरिंग वाचवता येते, पण बल्बच्या चार-पाच सेंटिमीटरवर असलेला प्लास्टिकचा रिफ्लेक्टर आणि पॉलिकार्बोनेटची पुढची काच वाचवता येत नाही. रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा सूक्ष्म थर करपू लागतो, आधी धुरकट आणि मग तपकिरी होतो, आणि मग ९० वॅटचा बल्ब ५५ वॅटच्या मूळ बल्बएवढाही उजेड देईनासा होतो. असे बल्ब जुन्या गाड्यांच्या जाड काचेच्या आणि पत्र्याच्या हेडलाइटमध्ये एकवेळ सोसले जात; आजच्या छोट्या मोटारीत ते बसवणे म्हणजे बल्बच्या पैशांत नव्या हेडलाइटचा खर्च ओढवून घेणे होय.

रंगाबद्दलही गैरसमज पुष्कळ आहेत. प्रकाशाचा रंग केल्विन या तापमानाच्या एककात सांगितला जातो. साध्या हॅलोजनचा प्रकाश ३२०० केल्विनच्या आसपास, किंचित पिवळसर असतो, तर दुपारचा दिवसउजेड ५५०० च्या जवळपास. ‘सुपर व्हाइट’ म्हणून मिळणाऱ्या हॅलोजन बल्बमध्ये फिलामेंट तेच असते, फक्त काचेवर निळसर लेप दिलेला असतो, आणि तो लेप पिवळा-तांबडा भाग गाळून प्रकाश पांढरा करतो. गाळणे म्हणजे कमी करणे; काही वाढवणे त्यात नाही. निळ्या लेपाचा बल्ब प्रमाणातले किमान लुमेन देत असेल तर तो फिलामेंट जास्त तापवून, म्हणजे पुन्हा आयुष्य खर्चून. ओल्या डांबरी रस्त्यावर हा निळसर उजेड झिरपून गेल्यासारखा वाटतो, ही कोकणच्या पावसात गाडी चालवणाऱ्यांची तक्रार त्यामुळे निराधार म्हणता येत नाही. उलट बाजूला पिवळ्या दिव्यांचा पक्ष आहे. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते; पण पिवळा रंग धुके भेदतो ही समजूत फार ताणू नये, कारण धुक्यातले थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि सर्व रंगांना जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात खरा उपयोग होतो तो झोत खाली आणि रुंद असण्याचा.

आता एलईडीचा प्रश्न, आणि आजच्या बाजारात सर्वाधिक पैसे याच प्रश्नावर खर्च होतात. कारखान्यातून एलईडी हेडलाइटसह आलेल्या गाडीबद्दल इथे काही म्हणायचे नाही. तिचा आरसा किंवा भिंग त्या प्रकाशस्रोतासाठीच घडवलेले असते. प्रश्न आहे तो हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये एच-४ च्या बुडाचा एलईडी बल्ब खोचण्याचा. फिलामेंट ही एक बारीक दंडगोलाकार गुंडाळी असते आणि ती आपल्या अक्षाभोवती चोहीकडे जवळपास सारखा प्रकाश फेकते. एलईडी बल्बमध्ये धातूच्या पट्टीच्या दोन सपाट बाजूंवर चौकोनी चिप्स चिकटवलेल्या असतात. त्या डावीकडे आणि उजवीकडे भरपूर प्रकाश फेकतात, तर वर आणि खाली कमी. शिवाय पट्टीला स्वतःची जाडी असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या चिप्स अक्षापासून थोड्या दूरच राहतात, आणि इथे पाव मिलिमीटरचे मोल काय आहे ते वर आलेच आहे. चिप्सखालचा छोटा पेला काही उत्पादक इमानाने बनवतात, काही नावापुरता बनवतात आणि काही तर मुळीच बनवत नाहीत. परिणाम भिंतीवर स्वच्छ दिसतो: कट-ऑफच्या वर उजेडाचे डाग पडतात, डावीकडची चढण विरघळून जाते, आणि गाडीच्या नाकासमोरचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा झगझगीत पांढरा होतो.

या झगझगीत पट्ट्यामुळेच बहुतेक मालक खूश होतात आणि त्यामुळेच ते फसतातही. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, नजर जवळ खेचली जाते आणि ६० मीटरवरचा मंद प्रकाशातला माणूस आधीपेक्षा उशिरा दिसतो. चालकाला मात्र भरपूर उजेड आहे असे वाटत राहते. एकूण प्रकाश किती हे लुमेन सांगते, पण एखाद्या ठरावीक दिशेला तो किती प्रखर आहे हे कँडेला या मापाने कळते, आणि दूरचे दिसणे त्या दुसऱ्या मापावर अवलंबून असते. एलईडी बल्बच्या खोक्यावर लुमेन मोठ्या अक्षरांत असतात, कँडेला बहुधा नसतातच, आणि असू शकतही नाहीत. कारण तो आकडा बल्बचा नसून बल्ब आणि हेडलाइट या जोडीचा असतो. जर्मनीने २०२० साली ओस्राम या कंपनीच्या एच-७ एलईडी बल्बला रस्त्यावर वापरण्याची परवानगी दिली तीही याच तत्त्वाने, म्हणजे सरसकट न देता गाड्यांच्या तपासलेल्या मॉडेलांच्या यादीपुरती. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि रस्त्यापासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा व्यक्तीला झोताने दिपवता कामा नये. नीट बसवलेला साधा एच-४ ही परीक्षा हसतखेळत पार करतो. पाच हजारांचा एलईडी जोड ती पार करेलच अशी खात्री दुकानदारही देत नाही.

एलईडीची आणखी एक अडचण उष्णतेची आहे, पण ती लोकांना वाटते तशी नाही. एलईडी थंड असतो असे म्हणतात ते पुढच्या बाजूपुरते खरे. चिपची सारी उष्णता मागे जाते, म्हणून बल्बच्या बुडाशी पंखा किंवा धातूच्या पात्यांचा रेडिएटर असतो. तो हेडलाइटच्या मागच्या रबरी टोपणात मावत नाही, मग ते टोपण कापले जाते किंवा काढूनच टाकले जाते, आणि पहिल्याच पावसाळ्यात आत धूळ आणि पाणी शिरून आरसा खराब होतो. त्याच वेळी पुढची काच मात्र हॅलोजनच्या उबेने सुकत असे, ती आता ओलीच राहते. फिलामेंटऐवजी वायूतल्या विजेच्या ठिणगीने उजळणाऱ्या झेनॉनच्या एचआयडी संचांबद्दल एवढेच पुरे की त्यांचा ३५ वॅटचा बल्ब तीन हजारांवर लुमेन देतो, आणि दोन हजार लुमेनहून अधिक प्रकाशाच्या डिपरसाठी युरोपच्या नियमांनी काच धुण्याची आणि झोत आपोआप पातळीत ठेवण्याची यंत्रणा बंधनकारक केली ती उगाच नव्हे. यांपैकी काहीही एच-४ च्या छोट्या मोटारीत नसते.

बल्ब अस्सल आहे की नाही हे ओळखण्यासाठी बुडावरची अक्षरे वाचावीत. वर्तुळातील ई आणि त्यापुढचा आकडा म्हणजे युरोपीय प्रमाणानुसार मान्यता देणाऱ्या देशाची खूण, १ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे फ्रान्स, ४ म्हणजे नेदरलँड्स. इंग्रजी यू हे अक्षर बल्बची काच अतिनील किरण अडवणारी असल्याचे दर्शवते, आणि प्लास्टिकच्या काचेच्या हेडलाइटला अशाच बल्बची गरज असते. हेडलाइटच्या काचेवरही अशा खुणा असतात. त्यांत पीएल म्हणजे प्लास्टिकची काच, तर आडवा बाण म्हणजे तो दिवा डाव्या बाजूने वाहतूक असलेल्या देशांसाठी आहे. आखाती देशांतून किंवा युरोपातून आलेला जुना हेडलाइट स्वस्तात मिळाला तरी या बाणाविना घेऊ नये; त्याची चढण उजवीकडे असते, थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत.

पुष्कळदा दोष बल्बचा नसतो आणि वायरिंगचाही नसतो, तो पिवळ्या पडलेल्या काचेचा असतो. पॉलिकार्बोनेटवरचा संरक्षक थर उन्हाने झिजला की काच दुधी होते आणि प्रकाश पुढे जाण्याऐवजी सगळीकडे विखुरतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये केलेल्या चाचणीत अशा काचांमधून नव्या हेडलाइटच्या अवघा २० टक्के प्रकाश बाहेर पडल्याचे आढळले. ओल्या पॉलिश पेपरने क्रमाक्रमाने घासून, पॉलिश करून त्यावर अतिनील किरण रोखणारा लेप दिला तर बराच प्रकाश परत मिळतो. टूथपेस्टचा घरगुती इलाज थोडे दिवस काच चमकवतो, मात्र वरचा थर परत देत नाही.

बल्ब बसवताना बॉनेट उघडून कपलर ओढावा, रबरी टोपण काढावे, तारेची स्प्रिंग दाबून बाजूला करावी आणि नवा बल्ब बुडाला धरूनच आत घालावा. नळीला बोट लावू नये; घामातील क्षार आणि तेल पुढे प्रखर उष्णतेत काचेला डाग पाडतात आणि तिथून ती दुबळी होते. बोट लागलेच तर स्पिरिटच्या फडक्याने पुसावे. थंड असतानाही आतल्या वायूचा दाब बराच असल्यामुळे बल्ब पडून फुटला तर काचा उडतात. तीन दाते खाचांत चपखल बसले आणि स्प्रिंग अडकली की बल्ब हलता कामा नये. अर्धवट बसलेला दाता हेच दिपवणाऱ्या डिपरचे सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. टोपणावर ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर ठेवावी.

मग गाडी सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करावी, टायरमध्ये हवा बरोबर असावी, चालकाच्या आसनावर माणूस बसलेला असावा आणि डॅशबोर्डवर लेव्हलरची, म्हणजे झोत वर-खाली करण्याची, चकती असेल तर ती शून्यावर आणावी. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखून तिच्याखाली पाच सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढली की तो एक टक्क्याचा झुकाव झाला. काही गाड्यांत हेडलाइटजवळच्या पट्टीवर १.२ टक्के किंवा तत्सम आकडा छापलेला असतो, तर त्या हिशेबाने रेघ खाली घ्यावी. डिपरची आडवी कडा या रेघेवर येईपर्यंत हेडलाइटमागचा स्क्रू फिरवावा. गॅरेजमध्ये याला फोकस सेट करणे म्हणतात, आणि तिथले बरेच कारागीर ते डोळ्यांच्या अंदाजाने अप्पर लावून करतात. डिपर लावून, कडा पाहून करा, असे त्यांना सांगण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. दोन्ही बल्ब एकाच वेळी बदलावेत, कारण एक उडाला म्हणजे त्याच्याबरोबर बसवलेल्या दुसऱ्याचेही तास भरत आलेले असतात आणि नव्या-जुन्याच्या उजेडात फरकही पडतो. काढलेला चालू बल्ब टाकून न देता नव्याच्या खोक्यात घालून डिकीत ठेवावा, रात्री रस्त्यात एखादा उडाला तर घरी पोहोचण्यापुरता तो पुरतो.